पुरे म्हणाला होता

कोर्बिनियानची गोष्ट मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवली आहे. फ्रँकफर्टच्या एका मराठी कार्यक्रमात माइकवर ऐकवली, ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये ऐकवली, मुग्धाला, म्हणजे माझ्या बायकोला, तर पहिल्याच भेटीत ऐकवली — आणि दर वेळी ऐकणाऱ्याचा चेहरा हळवा झालेला पाहिला. ती गोष्ट खोटी आहे. म्हणजे माणसं खरी, मैदान खरं, त्याच्या डोक्याला झालं ते तर फारच खरं. पण मधला एक तुकडा मी बदलला, आणि इतकी वर्षं तो बदललेला तुकडाच सांगत आलो. मुळात काय घडलं ते मी कुणाशीही बोललेलो नाही. बायकोशी नाही, आईशी तर नाहीच. आज तुम्हाला सांगायला बसलोय, आणि खरं सांगू का — सुरुवात करायच्या आधीच दमलोय.

थोडं मागून येऊ द्या. एकदम त्या जागेवर मला जाता येत नाही.

मी अमेरिकन फुटबॉल खेळायचो. हे नाव काढलं की आपली माणसं आधी माझ्या पायांकडे बघतात, आणि ते बरोबरही आहे, कारण दोन्ही गुडघे आता कामातून गेलेत. पण माझ्या जागेवरच्या खेळाडूचा चेंडूला पाय लागतच नाही. हातसुद्धा क्वचित लागतो. समोर पाच धिप्पाड माणसं भिंत करून उभी असतात. त्यांच्या मागे चेंडू फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक. ती भिंत फोडून किंवा तिला वळसा घालून जायचं, आणि त्याने चेंडू फेकायच्या आत त्याला आडवा करायचा. ते जमलं की त्याला सॅक म्हणतात. मी आमच्या बचावाच्या रांगेत टोकाला असायचो. माझ्या शेजारी, मध्यभागी, कोर्बिनियान.

आता मधल्याचं काम नीट ऐका, कारण सगळी गोम तिथेच आहे. मधल्याने कुणाला पाडायचं नसतं. त्याने समोरच्या दोघांना अंगावर घ्यायचं आणि जागचं हलायचं नाही, बस्स. दोन माणसं त्याच्यावर खर्ची पडली की टोकाच्याला एकालाच चुकवायचं उरतं. गोठ्याच्या दारात उभं राहून दोन म्हशी अडवायच्या, तसं ते काम. बघणाऱ्याला ते दिसतही नाही. टाळ्या टोकाच्याला, पेपरात फोटो टोकाच्याचा. माझे फोटो आईने कापून ठेवलेत. त्यातल्या बऱ्याच फोटोंत मागे, जमिनीवर, दोन जणांच्या खाली दबलेला एक पाय दिसतो. तो कोर्बिनियानचा.

आम्ही चिंचवडहून रेगेन्सबर्गला आलो तेव्हा मी चौथीत होतो. बाबा मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर. मला जर्मन येत नव्हतं, आणि अंगाने मी वर्गातल्या कुणाच्याही दीडपट होतो. म्हणजे गप्प बसूनही लपता येत नव्हतं. पुढे शाळेच्या पीटीच्या मास्तरांनी मला एका संध्याकाळी श्पोर्टप्लाट्झवर, म्हणजे खेळाच्या मैदानावर नेलं. तिथे माझ्याहून जाडा एक मुलगा गवतावर बसून ब्रेड खात होता. त्याने अर्धा मोडून मला दिला. आमची ओळख एवढीच, नंतर वेगळी कधी करून घ्यावी लागली नाही.

तो शेजारच्या गावातला. वडील छपरं घालणारे — डाखडेकर म्हणतात इकडे — आणि आजोबाही तेच. कोर्बिनियान शाळा संपल्यावर वडिलांच्याच हाताखाली शिकला. एवढ्या देहाचा माणूस उतरत्या कौलांवर मांजरासारखा चालायचा. मी एकदा त्याला खालून पाहिलं. तो वरून हात हलवून हसत होता. त्याला मैदानापेक्षा छप्परच जास्त आवडायचं, हे तेव्हाही मला माहीत होतं.

आमचं घर मैदानाजवळ, त्यामुळे सरावानंतर तो आमच्याकडेच यायचा. आईला त्याचं नाव काही केल्या म्हणता येईना. आठवडाभर तिने प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि त्याचा कोंडिबा करून टाकला. बाबा म्हणाले, "अगं, इथल्या जर्मन मुलाचा कोंडिबा काय करतेस?" तर आई म्हणाली, "अहो, शोभतंय त्याला." शोभतच होतं. पुढे अख्ख्या टीमने ते नाव उचललं.

मराठीतला त्याचा पहिला शब्द 'पुरे'. आईने ताटावर आडवा हात धरून शिकवला होता. आणि लगोलग त्याला हेही कळलं की आमच्या घरात त्या शब्दाला काडीची किंमत नाही. तो हात धरून "पुरे, आई" म्हणायचा, आई "अरे, एकच" म्हणायची आणि बोटांच्या फटीतून पोळी सरकवायची. त्याला या प्रकाराचं हसू आवरायचं नाही. त्याच्या घरी एकदा नको म्हटलं की पातेलं परत शेगडीवर जातं. "तुमच्याकडे नाही म्हणायचं कसं?" असं त्याने मला एकदा विचारलं होतं. म्हणत राहायचं, मी म्हणालो. पोट भरलं की आई थांबते.

थांबते. आमची आई थांबते, हे लक्षात ठेवा.

त्याच जेवणाच्या टेबलावर आम्हाला ती कल्पना सुचली. रांगेत वाकून बसल्यावर शेजाऱ्याला सांगावं लागतं — मी आतून घुसतो, तू बाहेरून ये, आत्ता नको, थांब. इंग्रजीत सांगितलं की समोरच्यांना कळतं, जर्मनमध्ये सांगितलं तरी कळतं. मग आम्ही मराठीत सांगायला लागलो. आत. बाहेर. थांब. फीर. आकडे त्याला आईने पुऱ्या मोजून शिकवले होतेच. समोरची माणसं चक्रावून बघायची. एकाने खेळ संपल्यावर मला विचारलं होतं, हे तुर्की आहे का? पुढे टीममध्ये आलेले अमेरिकन खेळाडूसुद्धा "आत, आत" ओरडायला लागले. आई स्टँडमधून ते ऐकायची आणि पदराने डोळे टिपायची. माझी भाषा मैदानावर चालते म्हणायची.

ही सगळी गोड बाजू मी नेहमीच सांगतो. इथपर्यंतचं सगळं खरं आहे.

क्लबाच्या पोरांच्या टीममधून मोठ्यांच्या टीममध्ये गेलो, आणि मग आमच्या भागात एक व्यावसायिक संघ उभा राहिला तेव्हा त्याने आम्हा दोघांनाही घेतलं. व्यावसायिक म्हणजे फार काही समजू नका. अमेरिकेहून आलेल्यांना फ्लॅट आणि गाडी, आम्हा इथल्यांना हातखर्चापुरतं. तो दिवसा छपरावर, मी एका गोदामात, संध्याकाळी दोघं मैदानावर. अंग रोज दुखायचं. सकाळी बिछान्यातून उठताना आधी कुठला हात वापरायचा याचा विचार करावा लागायचा. पण माझं नाव होत होतं. शेजारी दोन म्हशी अडवून धरणारा माणूस असला की कुणाचंही नाव होतं — मी ते तेव्हाही जाणून होतो, मला कुणी भोळा समजू नका.

मग निरोप आला की अमेरिकेहून एक माणूस येणार आहे. तिकडच्या मोठ्या लीगसाठी बाहेरच्या देशांतले खेळाडू हेरणारा. तो आमचा सेमीफायनलचा सामना बघणार होता, आणि आमच्या टीममधून फक्त मला. माझं वय तेव्हा असं होतं की पुढच्या वर्षी त्याने विमानाच्या तिकिटाची तसदी घेतली नसती. मला ते हवं होतं. किती हवं होतं ते आता लिहितानाही लाज वाटते. मी आठवडाभर नीट जेवलो नव्हतो, आणि आमच्या घरात ही बातमीच असते.

येतोय. तिथेच येतोय.

ऑगस्टची दुपार होती, ऊन रणरणत होतं. आई-बाबा स्टँडमध्ये छत्री धरून बसले होते. पहिल्या अर्ध्या खेळात माझ्या हाताला काहीच लागलं नाही. समोरच्यांचा माझ्यासमोरचा गडी चांगला होता, माझ्याहून चपळ. मध्यंतरात मी त्या पाहुण्याकडे पाहिलं. तो फोनमध्ये बघत होता.

दुसरा अर्धा भाग सुरू झाला, आणि थोड्याच वेळात ती टक्कर झाली. मी ती पाहिली नाही, ऐकली. दोन नारळ एकमेकांवर आपटावेत तसा आवाज, माझ्या डाव्या कानाशी. ढीग उठला. एकेक जण उठून आपापल्या बाजूला गेला. कोर्बिनियान उठला, हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी नीट केली आणि समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

त्यांच्यातला एक जण हसला. मी धावत गेलो, त्याची जर्सी धरली, त्याला वळवलं. हेल्मेटच्या जाळीतून त्याचे डोळे माझ्याकडे लागले होते, पण माझ्यावर थांबत नव्हते. आणि तो म्हणाला — जर्मनमध्ये नाही, का ते मला माहीत नाही, डोक्यात जी भाषा वर तरंगत होती त्यात असेल — तो म्हणाला, "पुरे."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या गोष्टीत तो म्हणतो, मी ठीक आहे, खेळू या. माझ्या गोष्टीत मी त्याला बस म्हणतो. खरं उलटं आहे. त्याने पुरे म्हटलं आणि मी —

मी म्हणालो, "अरे, एकच."

आईच्याच सुरात म्हणालो. तोच लाडिकपणा, तीच घाई. तो ऐकत आला होता तो सूर, वर्षानुवर्षं, आमच्या टेबलावर. तो गेला आणि आपल्या जागी वाकून बसला. चेंडू सुटला. दोघं त्याच्यावर तुटून पडले, आणि तो हलला नाही. एवढ्या अवस्थेतही हलला नाही हो. मी वळसा घालून गेलो आणि क्वार्टरबॅकला असा आपटला की स्टँड उभा राहिला. आई उभी राहिली. पाहुण्याने फोन खिशात ठेवला, तेही मी पाहिलं. मला त्या क्षणी काय वाटलं म्हणून विचाराल तर आनंद वाटला. दुसरं काही नाही.

मी वळलो तर तो अजून गुडघ्यांवर होता. मी त्याला उठवायला हात दिला. त्याने हात घेतला नाही. त्याने आपला पंजा आडवा धरला, छातीसमोर, जमिनीला समांतर — ताटावर धरतात तसा. मी तो खाली दाबला आणि बगलेत हात घालून त्याला उभं केलं. त्यानंतर तो काही म्हणाला नाही. मी "आत" म्हटलं की आत जायचा, "थांब" म्हटलं की थांबायचा. एखाद्या खेळीत दिशा चुकली तर मी कमरेला धक्का देऊन फिरवायचो. बाहेरून कुणाला कळलं नाही. आम्ही नेहमीच एकमेकांशी बडबडायचो ना?

टीमच्या डॉक्टरीण बाईंना मात्र शंका आली. आमच्या संघाच्या हातात चेंडू आला की आम्ही बचाववाले बाहेर येतो, तेव्हा त्यांनी त्याला बाकावर बसवलं. "बरं, कोर्बिनियान, माझ्याकडे बघ." चारपैकी कितवा भाग चालू आहे? आपला स्कोअर काय? मी आकडे म्हणते, ते उलटे म्हण. तुम्हाला वाटेल, इथे तरी सुटला असता. इथे कुणीही सुटला असता. मी पाण्याची बाटली घेऊन त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो, खांद्यावर थोपटत, हसत, जणू त्याला धीर देतोय — आणि मराठीत उत्तरं सांगितली. तीन. चौदा. नऊ, दोन, सहा. तो ती जर्मनमध्ये म्हणत गेला. आईने पुऱ्या मोजून शिकवलेले आकडे होते ते. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, काय म्हणतोयस त्याला? मी म्हणालो, आई स्टँडमध्ये आहे, डबा आणलाय, असं सांगतोय. त्यांना आईचा डबा माहीत होता. त्या हसल्या. आणि त्याला परत पाठवला.

त्या बाईंनी पुढे क्लब सोडला. आपल्या नजरेतून कसं सुटलं म्हणून त्या स्वतःला बोल लावत राहिल्या, असं मी ऐकलं. त्यांना मी फोन केला नाही.

आम्ही जिंकलो. खेळ संपल्यावर तो लॉकर रूममध्ये एक बूट काढून बसला होता, आणि दुसऱ्याचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. मग तो ओकला, आणि ओकतच राहिला. ॲम्ब्युलन्स आली. मी त्याच्याबरोबर गेलो नाही, कारण पाहुणा माझ्याशी बोलायला थांबला होता.

सकाळी क्लिनिकुममध्ये, म्हणजे मोठ्या इस्पितळात गेलो तर कॉरिडॉरमध्ये त्याचे वडील बसले होते, हेर आल्टमान — हेर म्हणजे इकडचं श्रीयुत. कामाचीच काळी कॉर्डरॉयची विजार घालून आले होते. कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला विचारलं, "तू शेजारी होतास. त्याने काहीच सांगितलं नाही?" आणि मला विचारही करावा लागला नाही. उत्तर तोंडात तयारच होतं, जसं काही कुणी रात्रभर घोटून ठेवलं होतं. "मी त्याला बस म्हणत होतो. त्याने ऐकलंच नाही." त्यांनी मान डोलावली आणि जमिनीकडे पाहिलं. त्या मान डोलावण्यात पोराबद्दलचं काहीतरी कायमचं ठरून गेलं, हे मला दिसलं. मी समोर उभा होतो. तेव्हा अजून वेळ होती. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

काही दिवसांनी कोर्बिनियाननेही विचारलं. त्या दुपारचं त्याला काही आठवत नव्हतं, अगदी काहीच नाही. आजही आठवत नाही. अंधार केलेल्या खोलीत पडून त्याने विचारलं, मी बाहेर का नाही गेलो रे? मी तेच सांगितलं. तू ऐकतोस का कुणाचं? तो म्हणाला, "टिपिश. मी असाच." आणि त्याने माझे आभार मानले — मी थांबवायचा प्रयत्न केला म्हणून.

बाकीचं थोडक्यात सांगतो. मी अमेरिकेला गेलो, काही आठवडे. तिथे माझ्यासारखे ढिगाने होते, माझ्याहून तरुण आणि लांब हातांचे. हस्तांदोलन करून परत पाठवलं. परत येऊन आणखी थोडी वर्षं खेळलो, कोर्बिनियानशिवाय, आणि कसा खेळलो ते विचारू नका. मध्ये दुसरा माणूस होता. चांगला होता. दोघांना अंगावर घेताना तो अधूनमधून बाजूला व्हायचा, कुणीही शहाणा होईल तसा.

कोर्बिनियान पुन्हा छपरावर चढला नाही. त्याला उंचीवर चक्कर येते. साध्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घाम फुटतो. ऊन सहन होत नाही, दुकानातले पांढरे दिवे सहन होत नाहीत. हल्ली तो एका बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरबांधणीच्या सामानाच्या दुकानात, लाकूड कापून देतो, टोपी आणि काळा चष्मा लावून. लोकांना वाटतं, ऐट करतोय. वडिलांचा धंदा चुलतभावाकडे गेला. हेर आल्टमान त्याच्याशी बोलायचे, पण हवापाण्याचं. तीन पिढ्यांचं काम पोराने एका दुपारच्या हट्टापायी घालवलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि ते मन मी बनवलं होतं.

आणि शाल. तेही सांगून टाकतो. फ्रँकफर्टला आपल्या लोकांनी माझा सत्कार केला — जर्मनीत खेळणारा आपला पहिलवान वगैरे. मी भाषण केलं. कोर्बिनियानची गोष्ट सांगितली, जिद्द, मैत्री, डोकं फिरत असताना मैदान न सोडणारा माझा दोस्त. आईने त्याला हट्टाने बरोबर आणलं होतं. पहिल्या रांगेत काळा चष्मा लावून बसला होता. लोक भारावले. कुणीतरी आयत्या वेळी आणखी एक शाल आणली आणि त्यालाही दिली. तो लाजला, त्याने वाकून नमस्कार केला, आईने शिकवला होता तसा. ती शाल तो वापरतो. डोकं चढलं की तो ती चौघडी करून डोळ्यांवर बांधतो. जाड आहे, उजेड येत नाही म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात हेर आल्टमान गेले. गावातलं कबरस्तान चढावर आहे, वाटेवर बर्फ होता. शवपेटीला खांदा मुलाने द्यायचा, पण कोर्बिनियानला तो चढ झेपला नसता. त्याने मला विचारलं, माझ्या जागी तू उभा राहशील? मी राहिलो. गुडघे ठणकत होते, पेटी जड होती, आणि तो शेजारून माझा कोट धरून चालत होता. नंतर हातात कॉफीचा कप धरून तो म्हणाला, वडिलांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही. आणि त्यांचं काही चुकलं नाही, मूर्खपणा माझाच होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवला, आणि गप्प राहिलो. तुम्ही काय केलं असतं ते मला विचारायचं नाहीये.

स्वतःला समजवायचे सगळे मार्ग मी चालून पाहिलेत. त्या काळात सगळेच असं खेळायचे. मी तरुण होतो. आमच्या घरात पुरे म्हणजे अजून एक, त्या सवयीने तोंडातून गेलं. हा शेवटचा तर मला फार दिवस पुरला. मी जवळजवळ त्यावर विश्वासही ठेवला. पण आई ताटाकडे बघून आग्रह करते. खाणाऱ्याचा चेहरा बघते. तिला कळतं आणि ती थांबते. मलाही कळलं होतं. त्याच्या डोळ्यांकडे मी बघितलं होतं, जाळीतून, वीतभर अंतरावरून. तो काय म्हणतोय ते मला नीट कळलं होतं, आणि कळल्यावर मी आईचा सूर लावला.

आणखी एक. हे मी मराठीत लिहितोय, कारण कोर्बिनियानला मराठी वाचता येत नाही. त्याला बोललेले पंधरा-वीस शब्द कळतात, अक्षर एकही नाही. जर्मनमध्ये लिहायला बसलो होतो. पहिल्या ओळीला त्याचं नाव लिहिलं आणि कागद फाडला.

परवा रविवारी तो जेवायला आला होता. अजून येतो. आई आता थकली आहे, पण त्याच्यासाठी पुरणपोळी करायचं सोडत नाही. पडदे ओढून घेतले होते, त्याला बरं पडावं म्हणून. माझी लेक इरा त्याच्या शेजारी बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मन. दोन पोळ्या झाल्यावर त्याने हात आडवा धरला. "पुरे, आई."

"अरे कोंडिबा, एकच," आई म्हणाली.

"नोख आइन्स!" इरा ओरडली. अजून एक.

हात तसाच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढलेला होता. या खेपेला त्याचे डोळे माझ्यावर नीट थांबले. "सांग ना यांना," तो म्हणाला. मी पाण्याचा पेला उचलला. मग त्यानेच हसून हात काढून घेतला. "तुमच्या घरात पुरे म्हटलेलं कुणी ऐकतच नाही," म्हणाला.

आई हसली, इरा हसली. मीही हसलो, आणि तुपाची वाटी त्याच्याकडे सरकवली.